शालनबाईंचं सुतक

मोनाली खटावकरचा दिनूमामा पहिल्यांदा वारला तेव्हा तो कराडच्या स्टँडवर बसून भजी खात होता. त्याला कोणी कळवलं नाही. कळवायचं कारणही नव्हतं, कारण ही बातमी एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला दिली होती आणि दुसऱ्यानं अतिशय नम्रपणे दुःख व्यक्त करून फोन ठेवला होता.

या सगळ्याची सुरुवात चष्म्यांपासून झाली. शनिवार पेठेत मोनालीच्या वडिलांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. ते गेल्यावर मोनालीनं दुकान चालवायला घेतलं आणि मोठ्या हौसेनं काचा घासायचं नवं यंत्र कर्जावर आणलं. नंबर सांगायचा आणि गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत काच तयार. घर शालनबाईंच्या, म्हणजे आईच्या नावावर होतं. त्यामुळे कर्जाला घर तारण राहिलं आणि आई जामीन. दोनेक वर्षं बरी गेली. मग बाजारात ते थेंब आले. महिन्यातून एकदा डोळ्यांत टाकले की चाळिशीचा चष्मा लागत नाही. दुकानाचं गिऱ्हाईक बहुतेक चाळिशीवालंच होतं. चष्मा लावून थेंबांची जाहिरात वाचणारी माणसं मोनालीनं स्वतःच्या दुकानात पाहिली. पुढच्या पाडव्याला दुकानाचं शटर खाली आलं, ते परत वर गेलं नाही. मोनाली एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. पगारात घर चालायचं, हप्ता नाही.

पूर्वी वसुलीला माणसं यायची. दारात उभी राहायची, आवाज चढवायची, तोंडाला येईल ते बोलायची. त्यावर ओरड झाली, कायदा झाला आणि माणसं गेली. त्यांच्या जागी आवाज आला. मोनालीचं कर्ज 'समन्वय' नावाच्या कंपनीचं होतं आणि तिच्या आवाजाचं नाव अनिकेत. अनिकेत कधी ओरडला नाही. "मोनालीताई, जेवण झालं का?" असं आपुलकीनं विचारून तो सुरुवात करायचा आणि तिथंच मोनालीच्या हातातला घास ताटात परत जायचा.

घाबरलेल्या माणसाच्या स्वरतंतूंना बारीक कंप सुटतो, तोंडाला कोरड पडते आणि दोन शब्दांमधला श्वास आखूड होतो. आपल्या कानाला हे कळत नाही. अनिकेतला कळायचं. लाखो लोकांचे फोन ऐकून तो एकच गोष्ट शिकला होता, की कोणत्या माणसाला कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखत फोन केला की सगळ्यात जास्त लाज वाटते. लाज वाटली की माणूस उसनेपासने करून भरतो. मोनालीला तो दवाखान्यात डॉक्टर शेजारी उभे असताना फोन करायचा. शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडे हळदीकुंकवाला गेली तर बरोबर ओटी भरताना. त्याला हे कसं कळायचं, ते कळून फायदाही नव्हता. फोन बंद ठेवला तर करारात 'फरार' असा शब्द होता आणि फरार झालं की थेट जप्ती.

काट्यानं काटा काढावा, तसं मग पुण्याच्या एका कंपनीनं 'ढाल' आणली. वसुलीचा फोन आला की ढाल तुमच्या वतीनं तो घेते आणि तुमच्याच आवाजात बोलते. तुमचे जुने फोन ऐकून ती तुमचा आवाज, तुमचं अडखळणं, तुमचं 'अहो' आणि 'म्हणजे कसंय' उचलते. ढालीला लबाडी कोणी शिकवली नव्हती. तिला एक मोजपट्टी दिली होती, बस्स. एक फोन ठेवल्यापासून दुसरा येईपर्यंत जितका काळ शांततेत जाईल, तितकं आपलं बोलणं चांगलं. खरं बोलायचं की खोटं, हा मुद्दा बनवणाऱ्यांनी विचारातच घेतला नव्हता. मग हजारो घरांतून हजारो तऱ्हांनी बोलून बघता बघता ढालीला एक शब्द सापडला. सुतक.

कायद्यातच तसं होतं. कर्जदाराच्या घरात मृत्यू झाला तर तेरावं होईपर्यंत फोन करायचा नाही. लांबचं नातं असेल तर तीन दिवस. आपल्याकडे प्रेत उठलेल्या घरात पैसे मागायला कोणी जात नाही, एवढी लाज सरकारनं यंत्रालाही लावली होती.

अचानक तीन दिवस फोन आला नाही, म्हणून मोनालीनं ढालीचं शेवटचं बोलणं लावून ऐकलं. "मामा गेला हो माझा," असं म्हणून कोणीतरी रडत होतं. तो हुंदका तिचाच होता. वडील गेले त्या सकाळी तिनं दिनूमामाला फोन केला होता, तेव्हाचा. मोनालीनं फोन पालथा घातला आणि बराच वेळ हात धूत राहिली.

रविवारी मामा आला. मोनालीनं खाली मान घालून त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे मी मेलो?" मामा म्हणाला. "कशानं?"

"हार्ट अटॅकनं."

"मग बरं हाय. मला वाटलं पिऊन मारलंस का काय."

शालनबाई आतून लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. या बाईंबद्दल एक सांगायला हवं, की त्यांना गप्प बसणं माहीत नव्हतं. त्या कुकरशी बोलायच्या, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला उत्तरं द्यायच्या, खिडकीतल्या कबुतरांना शिव्या द्यायच्या आणि झोपेतही कोणाशी तरी भाव करायच्या.

"दिन्या, आयुष्य वाढलं बघ तुझं," त्या म्हणाल्या. "मेल्याची खोटी बातमी उठली की माणूस लई जगतं. मी चौथीत हुते तवा माझ्या डोक्यावर कावळा येऊन बसला हुता, ठाव हाय का? आजी म्हणली, आता पोरीचं काय खरं न्हाई. मग आबांनी रहिमतपूरच्या आत्याकडं सांगावा धाडला, शालन गेली म्हणून. आत्या बिचारी एस्टीतनं रडत आली. दारात येऊन बघती तर मी चिंचा खात बसल्याली."

"मग गं?" हे मोनालीला पाठ होतं, तरी तिनं विचारलं.

"मग काय, आबांनी तिच्या हातावर गूळ ठेवला आन् खरं सांगितलं. तिनं आदी मला धपाटा घातला, मग पोटाशी धरून आनखी रडली. तसंच असतंय ते. कुणीतरी खरं रडावं लागतं आन् मग त्याला खरं सांगावं लागतं. तवा बातमी उलटती." आणि लाटणं हलवत त्या म्हणाल्या, "आता मला मार की मोने. मला का मागं ठिवतीस?"

"गप गं आई. काहीही बोलत असतेस."

पण बोलून गेलेली गोष्ट घरातच राहिली. त्या उन्हाळ्यात ढालीनं मोनालीची एक मावशी, दोन चुलत आजोबा आणि साताऱ्याची एक वहिनी संपवली. मोनालीच्याच नव्हे, घरोघरी हेच चाललं होतं. एकट्या सातारा जिल्ह्यात त्या मे महिन्यात इतके मामा मेले, की भाचरांची लग्नं कोण लावणार असा प्रश्न पडावा. लोक हसायचे, एकमेकांना 'तुझं कितवं?' विचारायचे. मोनालीही हसायची. बऱ्याच दिवसांनी तिला जेवण जात होतं.

आषाढाच्या तोंडावर अनिकेतनं घराच्या जप्तीची तारीख कळवली. यावेळी जेवणाची चौकशी नव्हती.

हुबळीचा एक व्यापारी काचेचं यंत्र घ्यायला तयार होता. जिथं अजून थेंब पोचले नव्हते अशा देशांत ही यंत्रं जात होती. पण त्याचे पैसे दिवाळीच्या सुमाराला मिळणार होते. तोवर घर वाचवायचं कसं, एवढाच प्रश्न होता. ढालीनं त्याचंही उत्तर शोधलं. जामीनदार वारला तर वारसनोंद होईपर्यंत तारण घराला हात लावता येत नाही, आणि वारसनोंदीला आपल्याकडे किती काळ लागतो हे यंत्रालाही ठाऊक होतं. फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, 'घरातील व्यक्तीचे नाव वापरू का?' खाली 'हो' आणि 'नाही'.

मोनालीनं फोन आईपुढे धरला. तिला वाटत होतं, आई 'नको' म्हणेल.

"दाब की," शालनबाई म्हणाल्या. "हे घर तुझ्या बापानं वीट वीट आणून बांधलंय. मी कागदावर मेल्यानं ऱ्हातंय तर मरती. दिवाळीत पैसं भर, न् आपल्या हातानं मला गूळ दे."

मोनालीनं दाबलं. मग दोघी शेजारी बसून ढालीचं बोलणं ऐकत राहिल्या. "आई गेली," फोनमधली मोनाली म्हणत होती, "सकाळी उठवायला गेले तर..." आणि तिला पुढे बोलवेना. शालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मोनालीला कळलं नाही.

"बरी रडलीस गं," त्या म्हणाल्या.

कंपन्या काही दूधखुळ्या नव्हत्या. एवढे मामा मेल्यावर त्यांनीही हिशेब मांडलाच. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना कोर्टानं बंदी घातली होती, पण आवाजाचं कोणी काही म्हटलं नव्हतं. आणि कर्ज घेताना कर्जदाराचा आणि जामीनदाराचा आवाज नोंदवून घेतलेलाच असायचा. गळ्याची लांबी, टाळूची कमान, पडलेले दात या सगळ्यातून आवाजाला जो आकार येतो तो दुसऱ्या कोणाचा नसतो. करारातल्या बारीक अक्षरांत ग्राहकानं आपल्या फोनला 'सुरक्षेसाठी' सतत ऐकायची परवानगी दिली होती. गावात अशा करारांचे फोन घरटी एक तरी होते. यापुढे मेलेल्या माणसाचा आवाज यांतल्या कोणत्याही फोनला ऐकू आला की नोंद खोटी ठरणार होती. मग जप्ती त्याच दिवशी आणि वर फसवणुकीचा खटला.

तेरावं झाल्यावर अनिकेतनं हे सगळं ढालीला अदबीनं सांगितलं. ढालीनं ते मोनालीला दाखवलं. मोनालीनं धावत जाऊन आईच्या तोंडावर हात ठेवला. शालनबाई तेव्हा दुधाला बोलत होत्या.

पहिले काही दिवस कुजबुजीवर भागलं. कुजबुजताना स्वरतंतू हलत नाहीत, नुसती हवा जाते, त्यामुळे त्या आवाजाला ओळख नसते. मोनालीनं कुठंतरी हे वाचलं आणि दोघी चोरांसारख्या एकमेकींच्या कानाशी लागून भाजी काय करायची ते ठरवू लागल्या. गल्लीला काय सांगायचं, हे शालनबाईंनीच सुचवलं. चातुर्मास लागला होता. कोणी कांदा सोडतं, कोणी एक वेळ जेवतं. त्यांनी मौन धरलं असं मोनालीनं जाहीर केलं. शालनबाईंनी, आणि मौन! कुलकर्णीकाकू तर नारळ घेऊन आल्या आणि पायाच पडल्या. शालनबाईंनी त्यांना आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

श्रावणात समन्वयनं सुधारणा केली. आता कुजबूजही ओळखता येणार होती. शब्द कसे तोडले जातात, श्वास कुठे घेतला जातो, त्यावरून. खोकलासुद्धा.

त्या दिवसापासून शालनबाई खरोखर गप्प झाल्या. खोकला आला की उशीत तोंड खुपसायच्या. काही हवं असेल तर पळीनं पातेल्यावर ठोकायच्या. भांडण झालं तर ताटं आपटायच्या, आणि हा आवाज मात्र इतका शालनबाईंचा होता की मोनालीला भीती वाटायची, यंत्र तोही ओळखेल. सुरुवातीला दोघी हसायच्या. मग हसणंही बंद केलं, कारण हसताना आवाज सुटतोच. टीव्हीवरचा माणूस धडधडीत खोटं बोलायचा आणि शालनबाई नुसत्या त्याच्याकडे बघत बसायच्या. कबुतरांनी खिडकीत घरटं केलं.

एवढ्यात मोनालीच्या ध्यानात आलं, की घरात पीठ फार झालंय. ज्वारीचं, गव्हाचं, बाजरीचं, डाळीचं. डबे भरले, पिशव्या भरल्या, तरी आई रोज दुपारी पिशवी घेऊन गिरणीत जात होती. "एवढं कशाला गं?" असं मोनालीनं खुणेनं विचारलं, तर आईनं पळी आपटली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मोनाली तिच्या मागोमाग गेली.

गिरणीत दोन चक्क्या चालू होत्या. त्या घरघरीत शेजारच्या माणसाला हाक मारली तरी ऐकू जात नव्हती. मोठ्या चक्कीला अगदी खेटून शालनबाई उभ्या होत्या आणि बोलत होत्या. तोंड चाललं होतं, हात चालले होते, मान डोलत होती. कोणाला तरी झापत होत्या, मग कोणाला तरी समजावत होत्या, मध्येच हसत होत्या. समोर पिठाची धूळ सोडून कोणी नव्हतं.

गिरणीवाला कानाला गुंडाळलेला पंचा सोडून मोनालीजवळ आला आणि ओरडला, "रोज येत्यात काकू! दळल्यालंच पीठ आनत्यात परत दळायला! मौन हाय न्हवं त्यांचं?"

मोनाली आईसमोर जाऊन उभी राहिली. शालनबाईंनी तिला पाहिलं, पण थांबल्या नाहीत. तिच्या डोळ्यांत बघून त्या बोलत राहिल्या. काहीतरी मोठं सांगत होत्या. मोनालीला एक शब्द ऐकू आला नाही. मग त्यांनी पिठाचा हात तिच्या गालावरून फिरवला, पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागल्या. रस्त्यात मोनालीनं खुणेनं पुन्हा पुन्हा विचारलं, काय म्हणालीस? शालनबाईंनी हात उडवला. जाऊ दे, असं.

मोनालीला त्या रात्री वाटलं, की पुरे झालं. अनिकेतला सांगून टाकावं. पण दिवाळी आता फार लांब नव्हती आणि खटला झाला असता तर नोकरीही गेली असती. आईला हे बोलून दाखवायची सोय नव्हती, पण आईनं काय म्हटलं असतं ते तिला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर आता घरात शांतता होती आणि तिला तिची सवय लागली होती. हे मात्र तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

नवरात्रात शालनबाईंनी डाव्या खांद्याकडे बोट दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. पिठाचे डबे उचलून खांदा भरला असेल, असं समजून मोनालीनं बाम चोळला. शालनबाईंनी मान हलवली आणि छातीवरून हात फिरवला. मोनालीनं तिथंही बाम लावला. तोंडानं सांगता आलं असतं तर शालनबाईंनी अर्धा तास त्या दुखण्याचं वर्णन केलं असतं. कुठून सुरू होतं, कुठं जातं, जिना चढताना कसं होतं, त्यांच्या आईलाही असंच कसं व्हायचं. डॉक्टरकडे जायचं, तर तिथं फोनच फोन.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी समन्वयचा निरोप आला. हुबळीच्या व्यापाऱ्याची हमी त्यांना पोचली होती. राहिलेली रक्कम एकरकमी भरायची, उरलेलं व्याज माफ, कर्ज बंद. फक्त हे बोलणं ढालीमार्फत चालणार नव्हतं. कर्जदाराचा स्वतःचा आवाज हवा होता. मोनालीनं ढाल बंद केली, आईला हातानं 'अजिबात आवाज नको' अशी खूण केली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. शालनबाई स्वयंपाकघरात पोहे निवडत होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडून देवाकडे पाहिलं.

"मोनालीताई, नाश्ता झाला का?" अनिकेत म्हणाला. इतक्या महिन्यांनी तो आवाज थेट तिच्या कानात येत होता.

एकेक अट तो वाचून दाखवू लागला आणि ती प्रत्येकाला 'मान्य' म्हणू लागली. मध्येच आत काहीतरी पडलं. स्टीलची वाटी असावी. गोल फिरत फिरत ती थांबली.  मोनालीनं मागे वळून दाराकडे रागानं हात केला. गप्प! आतून पुन्हा आवाज आला नाही.

"मान्य," ती म्हणाली.

अटी संपायला बराच वेळ लागला. शेवटी अनिकेतनं अभिनंदन केलं. रक्कम जमा होताच घरावरचा बोजा उतरणार होता. मोनालीनं फोन ठेवला, कपाटातून गुळाचा डबा काढला आणि खडा हातात घेऊन आत गेली.

शालनबाई ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. पोहे सगळीकडे सांडले होते. एक हात छातीवर होता, छाती हलत नव्हती. पदराचा बोळा त्यांनी तोंडात कोंबला होता आणि दात त्यावर घट्ट मिटले होते. मोनालीनं तो ओढून काढायला बघितलं, पण निघेना.

हाक मारली असती तर ती दहा पावलांवर होती. पेठेतच दवाखाना होता. शालनबाईंना हे माहीत होतं आणि तरी त्यांनी हाक मारली नव्हती. मोनालीला आईचा भयंकर राग आला. मग तिला आपण दाराकडे केलेला हात आठवला.

ती तिथंच बसून राहिली. रडू येत नव्हतं. तिचा हुंदका ढालीनं इतक्या वेळा वापरला होता, की तो आता तिच्याकडे उरलाच नव्हता की काय कोण जाणे.

बाहेर फोन वाजला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. ढाल बंद होती. मोनाली उठली आणि तिनं तो घेतला.

"मोनालीताई, पुन्हा त्रास देतोय," अनिकेत म्हणाला. "मघाच्या बोलण्यात एक छोटी बाब तपासायची राहिली. आपण बोलत असताना आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. आमच्या नोंदीप्रमाणे आपण एकट्या राहता. घरात आपल्याशिवाय कोणी आहे का?"

'कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. आता ते खरंही होतं. मांजर आलं होतं म्हटलं असतं तरी चाललं असतं. दिवाळीत पैसे भरले असते आणि बापाचं घर राहिलं असतं. आईनं पदर चावला होता तो एवढ्यासाठीच. फक्त मग शालन खटावकर आषाढात मेलेली राहिली असती. उशीत खोकलेली, गिरणीत बोललेली, आज सकाळी देवाला हात जोडलेली बाई कोणीच नव्हती असं ठरलं असतं.

"आई आहे," मोनाली म्हणाली.

"क्षमस्व. आपल्या मातोश्रींच्या निधनाची नोंद आषाढातच झाली आहे. त्या सुतकाचे तेरा दिवस आपल्याला दिलेले आहेत."

"ती खोटी होती. ढालीनं दिलेली, माझ्या संमतीनं. आषाढात नाही गेली ती. आज गेली. आत्ता. मी तुझ्याशी बोलत होते तेव्हा. तोवर जिवंत होती. श्रावणात होती, गणपतीत होती, दसऱ्याला तिनं श्रीखंड केलं होतं. घे लिहून."

"हे विधान अधिकृत म्हणून नोंदवू का? त्याचे कायदेशीर परिणाम होतील."

"नोंदव."



"आपल्या दुःखात समन्वय परिवार सहभागी आहे," अनिकेत म्हणाला. "आधीची नोंद रद्द केली आहे. मघाची तडजोडही रद्द झाली आहे. नवीन नोंदीनुसार तेरावं होईपर्यंत आपल्याला एकही फोन येणार नाही. त्यानंतर आमचा कायदा विभाग संपर्क करेल. काळजी घ्या, मोनालीताई."

फोन बंद झाला. गूळ अजून तिच्या मुठीत होता, घामानं चिकट झालेला. खरं सांगून झालं होतं. ती उगाच थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहिली.

मग ती आत गेली, आईशेजारी पोह्यांत बसली आणि मोठ्यानं बोलू लागली. आधी खूप रागावली. मग कबुतरांनी अंडी घातल्याचं सांगितलं, एवढ्या पिठाचं आता काय करायचं ते विचारलं, गिरणीत काय म्हणत होतीस ते विचारलं. आवाज ऐकून कुलकर्णीकाकू धावत आल्या, मागोमाग गल्ली जमली, कोणीतरी दिनूमामाला फोन लावला. मामानं बातमी ऐकली आणि तो हसला.

"आता कितव्यांदा?" तो म्हणाला.

काकूंनी फोन मोनालीच्या कानाला लावला. ती आईशी बोलतच होती.